नवाची गाडी

लोणावळा,
गुरुवार, ५ जानेवारी १९७८

चंपे,

तुझं कार्ड पोचलं. वरती 'तीर्थस्वरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार' असं लिहिलंयस. एकसष्ट सालापासून आजपर्यंत एक ओळ नाही, आणि आता एकदम साष्टांग! मधली सतरा वर्षं कंबर धरली होती का? मी तुला आशीर्वाद लिहीत नाही. उगाच खोटं लिहायला माझ्याकडे शाई उतू चाललेली नाही.

पाकीट न घेता उघड्या कार्डावर लिहिलंस ते मात्र बरं केलंस. पोस्टमननं वाचलं, माझ्या खानावळीत जेवणाऱ्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना सांगितलं, आणि मला कुणाला काही सांगायचे कष्ट पडले नाहीत. गेणूच्या दोन्ही किडन्या गेल्या. पुण्याच्या हॉस्पिटलात रक्त धुण्याचं यंत्र आहे, डायलिसिस म्हणतात त्याला. आठवड्यातून दोनदा तिथं आठ-आठ तास झोपवतात आणि एक वार चुकला तरी अंगातलं पाणी छातीत चढतं. एसटीतून उतरताना गेणू पडला, त्या यंत्रासाठी हाताला बसवलेल्या नळीतून भळाभळा रक्त गेलं, म्हणून डॉक्टर म्हणाले, एसटी बंद, खाजगी गाडीनंच आणा. आणि सगळ्या मावळात गाडीसाठी तुला मीच आठवले.

हो, मी त्याचं नाव लिहिते. तू 'ह्यांना' लिही नाहीतर 'मालकांना' लिही. मी भाकरी थापतानासुद्धा त्याचं नाव मोठ्यानं घेते. शेजारच्या बायका म्हणतात, नवऱ्याचं नाव असं उघडं घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं. सतरा वर्षं घेतलं तेव्हा कुठं किडन्यांपर्यंत पोचलं.

तुझी आठवण कच्ची असेल म्हणून लिहिते. चैत्रातला शुक्रवार होता. तो तेव्हा खंडाळ्याच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. "शेटची गाडी पुण्याला न्यायचीये, चल, तुला तुळशीबाग दावतो," म्हणाला. मी नवं लुगडं नेसले. सोमाटणे फाट्यावर ओढ्यावरच्या मोरीपाशी त्यानं गाडी थांबवली. "तू बस हितं कठड्यावर. पेट्रोल भरून आलोच." तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दिवस मावळेपर्यंत मी बसले. समोर चहाच्या हाटेलाबाहेर पाण्याचा रांजण होता. पण पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात गाडी येऊन गेली तर, म्हणून उठले नाही. शेवटी एका एसटीच्या कंडक्टरनं हाताला धरून उठवलं. आणि तू, आठ दिवस आधी सुदुंबऱ्याला मावशीकडे जाते असं आबांना सांगून निघालेली, त्याच सोमाटण्यात पाव मैलावर चूल मांडून बसली होतीस. माझी पाठची बहीण. तुझ्या वेण्या मी घातल्यात, चंपे.

"तुज्याबिगर कोन हाय आक्का, आमाला ना मूल ना बाळ," असं लिहिलंयस. खरं आहे, तुम्हाला कुणी नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला फार बरं वाटलं.

गाडीचं बघते. उपकार मानू नकोस. तो मेला तर सुटला, आणि त्याला इतक्यात सुटू द्यायची माझी तयारी नाही.

झुंबर


रविवार, १५ जानेवारी

चंपे,

गाडी ठरली. नीट वाच आणि त्यालाही वाचून दाखव.

खंडाळ्याच्या एका हॉटेलची मेटाडोर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला जाते. हॉटेलातल्या चादरी, अभ्रे, टॉवेल पुण्याच्या लाँड्रीत टाकायचे आणि संध्याकाळी आधीचे धुतलेले घेऊन यायचं, हे तिचं काम. ड्रायव्हर धोंडिबा. नऊ वर्षं माझ्याकडे जेवतो, त्यामुळे माझ्या शब्दाबाहेर नाही. हॉटेलचा मॅनेजर मात्र तयार नव्हता. त्याच्या टेबलापुढं तीन दिवस जाऊन उभी राहिले. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "पेशंट तुमचा कोण लागतो?" मी म्हटलं, "नवरा." तसंच त्यानं चिठ्ठीवर लिहिलं आणि शिक्का मारला. खोटं काय आहे त्यात? मी कुठं काडीमोड दिलाय? हॉस्पिटलच्या कागदावर तू स्वतःला त्याची कोण म्हणून लिहितेस, ते तुझं तू बघ.

पुढच्या सीटवर गाठोडी उतरवणारा गडी बसतो. गेणू मागं बसेल, गाठोड्यांवर. मऊ असतात. बहुतेक चादरी मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांच्या असतात, तेव्हा तुम्हा दोघांना परकं वाटायचं कारण नाही. चादरी आणि गेणूचं रक्त, दोन्ही एकाच गाडीनं धुवायला जाणार. डाग कुणाचे निघतात ते बघू.

आता नियम. गाडी फाट्यावरच्या मोरीपाशी थांबेल. गावात येणार नाही, झाडाखाली थांबणार नाही, हाटेलापाशी थांबणार नाही. गेणूनं त्या कठड्यावर बसलेलं असलं पाहिजे, म्हणजे धोंडिबाला लांबून दिसेल. वेळ सकाळी नऊ. धोंडिबा एक मिनिट खोळंबायचा नाही, म्हणून नवाच्या आत बसलेलाच हवा. संध्याकाळी सात वाजता हॉस्पिटलच्या दारातून उचलून पुन्हा मोरीपाशी सोडेल.

कठडा कुठला, हे त्याला विचारावं लागणार नाही.

झुंबर


रविवार, १२ मार्च

चंपे,

तुझं पत्र मिळालं. पाकिटात घातलंस, म्हणजे एवढ्यात शहाणी झालीस. गाडी दर खेपेला दहाला येते, ह्यांना तासभर ताटकळावं लागतं, ऊन आता चटका देतंय, गाडी दहाचीच असेल तर तसं सांग, असं लिहिलंयस.

गाडी नवाचीच आहे. हॉटेलात पाहुणे उशिरा खोल्या सोडतात, चादरी गोळा होईपर्यंत धोंडिबाला उशीर होतो, त्याला मी काय करू? ज्या दिवशी चादरी लवकर निघतील त्या दिवशी तो बरोबर नवाला येईल, आणि गेणू कठड्यावर नसला तर निघून जाईल. मग छातीत पाणी चढलं तर माझ्या नावानं बोंब मारू नकोस. नऊ म्हणजे नऊ.

आणि नुसतं 'ताटकळतात' लिहून भागत नाही. नीट लिहीत जा. तो बसतो कसा? रस्त्याकडे तोंड करून की पाठ करून? लोणावळ्याच्या बाजूनं गाडी आली की मान वर करतो का? गाडी दुसरीच निघाली की चेहरा कसा होतो? मला हे सगळं हवंय. हॉटेलच्या मॅनेजरपुढं तीन दिवस उभं राहिल्याबद्दल एवढं तर तू लिहू शकतेस.

तू लिहिणार नाहीस म्हणून मी स्वतःच बघून आले. मागच्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं आले आणि समोरच्या रसाच्या गुऱ्हाळात बसले. तू त्याला कठड्यावर बसवलंस, डोक्यावर टॉवेल टाकलास आणि मोरीपलीकडे दगडावर जाऊन बसलीस. मी तुला ओळखलं नाही. आधी वाटलं, ही म्हातारी कोण? चंपे, तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेस.

त्याला ओळखलं. तोंड सुजलंय, पाय सुजलेत, आणि ओठांवरून सारखी जीभ फिरवतो. दिवसाला तीन कपच पाणी द्यायचा डॉक्टरांचा हुकूम आहे, असं धोंडिबानं सांगितलं होतं मला. मी त्याच्या बरोबर समोर बसून उसाचा रस मागवला. आलं घालून, बर्फ घालून. पहिला ग्लास संपवला तेव्हा त्यानं वर बघितलं. दुसरा ग्लास हळूहळू प्यायले. तो बघत होता. रसाकडे बघत होता की माझ्याकडे, ते कळलं नाही, पण तोंड त्यानं फिरवलं नाही. मग गाडी आली आणि तो चढला.

परत येताना एसटीत मला उलटी झाली. रस बाधला असेल, उन्हातला होता.

झुंबर


शुक्रवार, १२ मे

चंपे,

आताच धोंडिबा जेवून गेला. म्हणतो, आज मोरीवर कुणीच नव्हतं, पाच मिनिटं थांबलो, हॉर्न वाजवला आणि निघालो.

हा काय माज आहे? मी लोकांपुढं हात जोडून गाडी मिळवायची आणि ह्यानं बसून बसून कंटाळा आला म्हणून घरी झोपायचं? सोमाटण्यात दुसरी गाडी मिळाली असेल तर तसं कळव, म्हणजे मी मॅनेजरची चिठ्ठी परत करून मोकळी होते. नाही मिळाली, तर मंगळवारी नवाला कठड्यावर. त्याला म्हणावं, मी एक अख्खा दिवस बसले होते. तुला एक तास जड जातो होय रे?

झुंबर


बुधवार, १७ मे

चंपे,

माझं शुक्रवारचं पत्र तुला सोमवारी मिळालं असेल. फाडून टाक. नको, ठेव. मी तशीच आहे.

रविवारी सकाळी तू खानावळीच्या दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा मी पोळपाटापुढून उठले नाही, हे तू गावभर सांगशील. सांग. तू म्हणालीस, "आक्का, शुक्रवारी ते उनात कठड्यावरनं खाली पडले. शुद्धच न्हवती. मानसं बोलावून घरी न्हेलं, गाडी गेली. आता श्वास लागलाय, आडवं बी पडता येत न्हाई." आणि माझे पाय धरलेस. मी पाय सोडवून घेतले ते धोंडिबाला हाक मारायला, एवढं तुला त्या वेळी कळलं नसेल.

मॅनेजरला न विचारता आम्ही मेटाडोर काढली. धोंडिबाची नोकरी त्यात गेली असती, अजूनही जाईल कदाचित. चादरी नव्हत्या म्हणून मागं माझ्याच गोधड्या टाकल्या. सोमाटण्याला तुम्हाला दोघांना मागं घातलं आणि मी पुढं बसले. पुण्यापर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही. वळायची फार इच्छा झाली होती. तो मरेल म्हणून मी घाबरले होते, चंपे. धोंडिबाला विचार. ज्याच्यावर सतरा वर्षं दात धरला तो असा मधेच निघून गेला, तर पुढं मी करायचं काय?

आता जे तुला ठाऊक नाही ते लिहिते. तू सह्या करायला आत गेलीस. त्याला बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही दोघंच. मी वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "ऐक. गाडी नवाला कधीच यायची नव्हती. पयल्यापासनं धाचीच हाय. तुला उनात बसवायला मी नऊ लिवलं." त्याच्याशी बोलताना माझीही जुनी बोली तोंडात आली. हे त्याला जिवंतपणी कळायला हवं होतं. ह्या एका वाक्यासाठी मी चार महिने थांबले होते.

तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"पयल्या मंगळवारीच. धोंडिबा म्हनला, धाला घरनं निघत जा, कशाला उनात बसता."

"मग नवाला मराय कशाला येत व्हतास?"

एकेक शब्दाला त्याला श्वास घ्यावा लागत होता. पण बोलला. "खोलीच्या मागल्या दारातनं मोरी दिसती. त्या दिशी म्या दिसभर तितंच उबा व्हतो. तुला बगत व्हतो. तू पानी प्याया बी उटली न्हाईस." मग थांबला आणि म्हणाला, "वाटलं, आपुन बी बसावं. बसून बसून कायतरी फिटंल."

तेवढ्यात वॉर्डबॉय आला आणि त्याला आत घेऊन गेला. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. तू बाहेर येऊन म्हणालीस, "आक्का, रडू नगंस, वाचंल म्हनत्यात डाक्टर." मी रडत नव्हते. माझा इतका संताप झाला होता की डोळ्यांना धार लागली होती.

तो बघत होता, चंपे! मला सतरा वर्षं वाटलं, तो घाबरून पळाला, मागं बघायची त्याची छाती नव्हती. मी त्या कठड्यावर एकटी होते असं समजत होते. मागल्या दारात उभा राहून त्याला दिसत होतं, मी नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, मी उठले नाही, माझं तोंड सुकलं. आणि पाव मैल चालून येऊन "घरी जा झुंबर" एवढं सांगणं त्याला जमलं नाही.

त्या वेळी त्या दारात तूही त्याच्या मागं उभी होतीस का, ते मला लिहू नकोस. मी ते विचारलेलंच नाही.

धोंडिबाचं जेवण तीन दिवस बंद केलं. चौथ्या दिवशी ताट वाढलं. त्याला म्हटलं, "माझं मीठ खाऊन माझीच गोष्ट फोडलीस?" खाली मान घालून म्हणाला, "झुंबरबाई, आजारी मानसाला उनात बशीवनं माज्यानं व्हईना. पर ते ऐकतच न्हवते." त्याच्यावर रागावता येत नाही हेही मला सहन होत नाही.

झुंबर


रविवार, २१ मे

चंपे,

तुझं पत्र आलं. त्याला परवा घरी आणला, दोन घास खाल्ले, आणि "मंगळवारी नवाला मला मोरीवर न्हे, म्या बसनार," म्हणतो. तू लिहितेस, "आक्का, त्येंचं मन ऱ्हाऊ दे, त्येवढंच समादान हाय त्येंना."

समाधान! मी त्याला शिक्षा दिली होती. त्यानं ती उचलली आणि स्वतःचं व्रत करून टाकली. मंगळवार-शुक्रवार धरून, उपाशीतापाशी, कठड्यावर बसून पुण्य जोडत होता, आणि मी इकडं वेडी माझ्या हुशारीवर खूश होते. माझा संसार नेला, माझी बहीण नेली, आणि हाताशी उरलेला हा एक तास होता, तोही त्यानं आपल्या कामाला लावला. थोडे दिवस बसला की त्याला वाटणार, झालं, झुंबरचं फिटलं. आणि मग शांतपणे डोळे मिटणार.

तसं होऊ द्यायचं नाही. आजपासून नियम बदलले. मॅनेजरला काल भेटून आले. रविवारी गाडी नेल्याचं मीच सांगितलं, धोंडिबानं सांगण्याआधी. खूप बोलला, मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बाई, एवढं करून वाचला तरी जगणार किती?" मी म्हटलं, "मला पुरेल एवढा." नवी चिठ्ठी सोबत पाठवते.

मेटाडोर दहाला येईल. फाट्यावर नाही, तुमच्या दारात. धोंडिबा आत येऊन त्याला धरून नेईल. गाठोड्यांवर माझी एक गोधडी कायमची टाकलेली असेल, त्यावर त्याला आडवं करायचं. दहापर्यंत त्याला सावलीत ठेवायचं, पायाखाली उशी द्यायची, त्याच्या तीन कपांतला एक कप तेव्हाच द्यायचा, हळूहळू प्यायला लावायचा. हौसेनं कर सगळं. त्याची इतकी काळजी घे की त्याला तोंड लपवायला जागा राहू नये. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी गाडी दारात आली की त्याला कळलं पाहिजे की ही झुंबरनं पाठवलीय, आणि ह्याची भरपाई म्हणून त्याला करता येण्यासारखं काहीही नाही.

मागल्या दाराला कुलूप घाल. त्यातून मोरी दिसते.

हट्ट करून तो फाट्याकडे निघालाच, तर त्याला माझा निरोप सांग, माझ्याच शब्दांत सांग. मी त्या कठड्यावर नऊपासून दिवस मावळेपर्यंत बसले आहे आणि अजून उठलेले नाही. तिथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही. ती जागा माझी आहे.

झुंबर